साहित्य आणि कृती

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ला मराठी घरांनी मान दिला तो उपयोगाचं पुस्तक म्हणून. 1970 साली किर्लोस्कर प्रेसने ते काढलं, लाखाच्या वर प्रती खपल्या आणि कमलाबाईंना लोक लाख सुनांची सासू म्हणू लागले. रुखवतावर ते मांडलं गेलं, परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत स्वेटरच्या घडीत गेलं. चांगलं गद्य म्हणून मात्र त्याच्याकडे कुणी पाहिलेलं फारसं दिसत नाही. मला ते तसं पाहायचं आहे, आणि त्यातही एक गोष्ट ठासून सांगायची आहे: हे पुस्तक मोठ्याने वाचावं, ओट्यापाशी वाचावं, आणि वाचायला घरातलं आठ-दहा वर्षांचं मूल बसवावं. मूल स्टुलावर, पुस्तक त्याच्या मांडीवर, मोठं माणूस ऐकत ऐकत हात चालवतंय, अशा बैठकीत या गद्याची जात कळते. एकट्याने मनात वाचून ती तेवढी कळत नाही.

कमलाबाईंचा जन्म 1913 चा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. शाळा चौथीपर्यंत झाली. स्वयंपाक त्या शिकल्या लग्नानंतर, सासूबाईंच्या हाताखाली. म्हणजे त्यांच्यापाशी जी विद्या होती ती कानांवाटे, डोळ्यांवाटे आणि हातांवाटे आलेली होती. अशी बाई लिहायला बसली की बहुतेकदा पुस्तकी भाषा अंगावर चढवते, आणि ती भाषा तिला सैल होते. नाहीतर बोलते तसंच लिहीत सुटते. कमलाबाईंनी बोलण्यातला क्रम ठेवला आणि बोलण्यातला पसारा काढून टाकला. स्वयंपाकघरात उभं राहून सांगणारं माणूस मध्येच आठवणींत शिरतं, ‘अगं हो, त्याआधी डाळ भिजवायला हवी होती’ म्हणतं. कमलाबाईंच्या पुस्तकात डाळ वेळेवर भिजलेली असते. ज्याला लिहिण्याची थोडी सवय आहे त्याला विचारा, असा क्रम लावणं किती अवघड असतं ते.

मराठीत स्वयंपाकाची पुस्तकं त्यांच्याआधी होतीच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 चं. पाठारे प्रभूंच्या मुंबईचा थाट पाहायचा तर ते उघडावं. ही पुस्तकं चाळताना मी रमते, पण रोजचं रांधायला ती घेत नाही. त्यांची वाचणारी बाई मला नेहमी भरल्या घरात दिसते. अडलं तर विचारायला तिथे कुणी वडीलधारं आहे, पडलं काम तर उचलायला आणखी दोन हात आहेत. ‘रुचिरा’ वाचणारी बाई ओट्यापाशी एकटी उभी आहे.

ती एकटी कशी पडली हे मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांमधून हिंडलं की कळतं. साठ-सत्तरच्या दशकांत गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतली कितीतरी बिऱ्हाडं उपनगरांकडे सरकली. सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. दोन खोल्या का होईना, स्वतःच्या न्हाणीघरासकट मिळाल्या, उभ्याने करायचा ओटा मिळाला, त्यावर गॅसची शेगडी आली, कुकर आला. चाळीत शेजारच्या काकूंना गॅलरीतून हाक मारली की त्या हात पुसत येत. नव्या ब्लॉकला दार होतं आणि ते लावलेलं असे. सासूबाई गावी किंवा थोरल्या दिरांकडे, आई साताऱ्याला नाहीतर नाशिकला, टेलिफोन अख्ख्या इमारतीत एखाद्याकडे. फोर्टमधल्या ऑफिसातून लोकलने परतलेल्या सुनेने पुरणाला गूळ डाळीइतकाच घालायचा की थोडा कमी हे विचारायचं कुणाला? माझ्या आईने घाटकोपरच्या बिऱ्हाडात हे पुस्तक आणलं ते या नडीपोटीच. तिची प्रत आता मुलुंडला माझ्याकडे आहे, आणि तिचं तिसऱ्या पिढीकडून वाचन चालू आहे.

आधी वाटीबद्दल बोलायला हवं, कारण या पुस्तकाचा सगळा डोलारा वाटीवर आणि चमच्यावर उभा आहे. 1956 साली वजनमापांचा नवा कायदा झाला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बाजारातून शेर, पावशेर, छटाक गेले, किलो आणि ग्रॅम आले. 1970 साली पुस्तक विकत घेणाऱ्या बाईच्या आईची मापं वेगळी होती आणि वाण्याच्या दुकानातली वेगळी. आईने पत्रात कळवलेला पावशेर रवा तिला मनातल्या मनात ग्रॅमांत उतरवावा लागे. कमलाबाईंनी हे सगळं बाजूला सारलं. वाटी शेराच्या राज्यातही घरात होती आणि किलोच्या राज्यातही घरातच राहिली. तिला कायदा लागू होत नव्हता.

वाटीने मोजायचं ठरवलं की आणखी एक गोष्ट आपोआप घडते: हातात प्रमाण येतं. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी म्हटलं की वाटी आमटीची असो की चटणीची, भात तोच होतो. माझ्या थोरल्या मुलीला शाळेत अपूर्णांक शिकवायला सुरुवात झाली तेव्हा पाऊण वाटी म्हणजे काय हे तिच्या हाताला आधीच ठाऊक होतं. आता सहा जणांची कृती चौघांसाठी करायची असली तर ती पुस्तकातला आकडा मला वाचून दाखवतच नाही. मनात भागाकार करते आणि उत्तर तेवढं सांगते. धाकटा सपाट वाटी आणि शिगोशीग वाटी यांतला फरक बोट फिरवून दाखवतो. रवा सपाट घ्यायचा की शिगेचा यावरून दोघांची वादावादी होते तेव्हा ती मला मिटवावीशी वाटत नाही. प्रमाणाबद्दल इतकं मनापासून भांडणारी मुलं मला आवडतात.

आता वाक्यांकडे. आपल्याकडच्या पाककृती ‘घालावे’, ‘परतावे’, ‘झाकण ठेवावे’ अशा बोलीत चालतात. या रूपात हुकूम नाही आणि आर्जवही नाही. सांगणारी बाई स्वतःला मागे ठेवते. हल्ली मोबाइलवर पाककृती ऐकताना ‘आता आपण यात मीठ घालून घेणार आहोत’ असं ऐकू येतं. त्यात प्रेमळपणा आहे, पण बोलणाऱ्या बाई सतत आपल्या आणि कढईच्या मध्ये उभ्या राहतात. ‘घालावे’ म्हणणाऱ्या बाई बाजूला होतात आणि कढई दिसू लागते.

मुलाने हे वाचलं की त्याची खुमारी आणखी वाढते. नऊ वर्षांची मुलगी आईला ‘मीठ घाल’ म्हणाली तर ते उद्धटपणाचं होईल. ‘मीठ घालावे’ असं तिने वाचलं की मी निमूट घालते. त्या घटकेपुरता घरातला क्रम उलटा होतो: लहान माणूस सांगतं, मोठं माणूस करतं, आणि दोघांपैकी कुणालाच ते खटकत नाही, कारण सांगणारी खरी तिसरीच असते. थोरलीला या वाचनाची गोडी लागली ती यातूनच, अशी माझी खात्री आहे. तिचा आवाजसुद्धा तेव्हा थोडा बदलतो, घरातल्या कर्त्या बाईचा होतो. शाळेच्या पुस्तकातला धडा ती घाईघाईने उरकते, कारण तो लवकर संपला की सुटका होते. कृती घाईने वाचून चालत नाही. माझा हात पुढे सरकल्याशिवाय तिला पुढचं वाक्य घेता येत नाही. विरामचिन्हांना थांबावं हे मुलांना शिकवून शिकवून बाई थकतात. इथे कांदा गुलाबी होईपर्यंत थांबावंच लागतं.

अळूची पातळ भाजी घेऊ. आमच्या घरी तिला फदफदंच म्हणतात. श्रावणात, भाद्रपदात मुलुंड स्टेशनच्या आसपास अळूच्या जुड्या ढिगाने येतात. त्यांतली वडीची पानं जाड, काळपट देठाची. भाजीचं अळू फिकट हिरवं. साहित्य वाचताना थोरली प्रत्येक नावावर थांबते आणि ती वस्तू ओट्यावर आली की पुढे जाते, वर्गात हजेरी घेतात तशी: अळूची पानं आणि देठ, चण्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, ओल्या खोबऱ्याचे काप, चिंच, गूळ, बेसन, गोडा मसाला, फोडणीला मेथीदाणे. कृतीच्या आधी साहित्याची यादी असण्याची ही जुनी रीत मला फार शहाणपणाची वाटते. कथेतली पात्रं आधी समोर येऊन उभी राहतात, मग कथा सुरू होते. मुलांना ती यादी म्हणजे अंदाज बांधण्याचा खेळ असतो. चिंच आणि गूळ दोन्ही आलेले पाहून धाकटा म्हणतो, ‘आंबटगोड होणार.’ यादी वाचून चव सांगणारा वाचक कुठल्याही लेखिकेला हवाच असतो.

देठ सोलायचं काम मुलांचं. हाताला आधी चिंचेचं पाणी लावायचं. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक टोकदार स्फटिक असतात, ते कातडीत आणि घशात टोचतात आणि खाज सुटते. म्हणून भाजी पुरती शिजली पाहिजे आणि चिंच घालताना हात आखडून चालत नाही. देठाच्या टोकाशी नखाने साल धरायची आणि हळू ओढायची. ओढ सरळ असली तर ती अख्ख्या देठाची, तळापर्यंत निघते. हात वाकडा गेला की मध्येच तुटते. खालचा देठ ओला, पोपटी, किंचित बुळबुळीत. धाकटा जीभ बाहेर काढून हे काम करतो. निघालेल्या साली तो ताटलीच्या कडेला एकीशेजारी एक मांडतो आणि सगळ्यांत लांब कुठली ते मला दाखवतो.

पुढे पानं आणि देठ शिजतात, डाळ-दाणे वेगळे शिजतात, आणि येतं ते घोटणं. गरम अळूत बेसन टाकून रवीने घोटायचं, तेही शिजलेलं गरम असतानाच. थंड झालं तर बेसनाच्या गुठळ्या होतात. इथे गद्याची कसोटी लागते, कारण डाव्या हाताने पातेलं धरलेलं, उजव्या हातात रवी, आणि पुढचं वाक्य कानांवर वेळेत पडलं नाही तर भाजी बिघडते. लांब, गुंतलेलं वाक्य असतं तर आम्ही दोघी अडकलो असतो. वाक्य आखूड असतं, एका वाक्यात एकच काम असतं, आणि काम संपतं त्या शब्दावर वाक्यही संपतं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं याचा एवढा फायदा दुसरीकडे क्वचित दिसेल: आधी वस्तू कळते, मग जागा, मग अवस्था, आणि सर्वांत शेवटी काय करायचं ते. तोवर वस्तू हातात आलेली असते.

पण या गद्यातली सर्वांत मोठी गोष्ट तीही नव्हे. ती आहे वेळ सांगण्याची तऱ्हा. मोहरी तडतडली की. कांद्याचा रंग बदलला की. बेसनाचा कच्चा वास गेला की. कडेने तेल सुटू लागलं की. मिनिटं इथे अधूनमधून येतात, पण भरवसा असतो तो खुणेवर. आणि खूण पुस्तकात नसते, ती कढईत असते. त्यामुळे दर वाक्यागणिक वाचणाऱ्याला मान वर करावी लागते. थोरली वाचते, ‘तेल सुटू लागले की...’, थांबते, स्टुलावर उभी राहते, कढईत डोकावते. ‘सुटलं का?’ ‘तूच बघ.’ मसाल्याच्या गोळ्याभोवती तेलाची बारीक चकाकती कड दिसू लागलेली असते. ती खाली बसते आणि पुढचं वाचते.

मी आयुष्यभर वाचत आले आहे, मुलांनीही वाचावं म्हणून धडपडते. पुस्तकात गुंगलेलं मूल पाहून जीव सुखावतो हे खरं, पण पुस्तकातून मान वर करून जगाकडे नीट पाहायला लावणारं वाचनही मुलाला मिळायला हवं, आणि ते मिळवून देणारी पुस्तकं फार थोडी आहेत. पक्ष्यांची पुस्तकं तसं करतात, आकाशदर्शनाची करतात. पाककृती रोज करते. तिच्यात पाचही इंद्रियांची हजेरी लागते. तडतडणं कानाला, रंग डोळ्यांना, एकतारी पाक अंगठा आणि तर्जनीमध्ये, मीठ जिभेला. कच्चा वास गेला हे तर मला नेहमी नवल वाटायला लावतं. एखादी गोष्ट आता उरलेली नाही हे नाकाने ओळखायचं! थोरलीला ते ओळखायला वेळ लागला. बेसन परतताना ती दर थोड्या वेळाने नाक पुढे करी आणि म्हणे, ‘अजून आहे.’ मग एका क्षणी काहीच बोलली नाही, थोडं थांबली आणि म्हणाली, ‘आता खमंग.’ कुठल्या परीक्षेत मी तिला याचे गुण देऊ?

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण उपनगरांतल्या बहुतेक मराठी घरांची ती आहे. माझी मुलं इंग्रजी शाळेत जातात. घरात मराठी बोलतो, पण ते मराठी दिवसेंदिवस ‘कट कर’, ‘बॉइल कर’, ‘मिक्स कर’ असं होत चाललं होतं. पाककृती वाचू लागल्यावर चिरणं, खवणं, किसणं, ठेचणं, भरडणं, वाटणं हे सगळं हाताच्या वेगवेगळ्या हालचालींसकट मुलांकडे आलं. मी शब्दार्थ सांगायला बसले नाही. खवणीवर बसून नारळ खवला, एवढंच. आता दहीभात कालवतात आणि ताक घुसळतात याबद्दल धाकट्याच्या मनात काही संशय नाही. मराठी वाचवायच्या सभांना मी जाते आणि जात राहीन, पण आमच्या घरात ते काम सर्वांत जास्त झालं ते शनिवारी सकाळी ओट्यापाशी.

कुकरचं झाकण पडेपर्यंत जो वेळ असतो तो गोष्टी-कवितांचा. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयातून पुस्तकं येतात, काही घरची आहेत. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ 1961 ची आणि ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ 1981 ची, ही दोन्ही आमच्या स्वयंपाकघरात वस्तीला असतात. विंदा राहत होते ते वांद्र्याच्या साहित्य सहवासात, म्हणजे आमच्याच उपनगर जिल्ह्यात, हे कळल्यापासून धाकटा त्यांना शेजारी समजतो. विंदांची बालकविता मोठ्याने म्हणावी लागते, तिला ठेका हवा असतो, आणि पिशीमावशीच्या घरातल्या भुतांना उजेडाची, माणसांच्या वर्दळीची सोबत असली म्हणजे लहान मुलाला ती झेपतात. त्या उलट, माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ आम्ही बाहेरच्या खोलीत, हात स्वच्छ धुऊन वाचतो, कारण त्यातली चित्रं निवांत पाहायची असतात. मराठीतल्या मोठ्या लेखकांचे उतारे आणि थोर चित्रकारांची चित्रं मुलांपुढे शेजारी-शेजारी ठेवणारं असं दुसरं काम मला माहीत नाही. मुलांना बाळबोध काही देण्याची गरज नाही, चांगलं ते द्यावं, हा त्यामागचा विश्वास मला पूर्ण मान्य आहे. त्याच विश्वासाने मला वाटतं की अशा एखाद्या संग्रहात एक उत्तम पाककृतीही असायला हवी, प्रवासवर्णनाच्या आणि पत्राच्या मानाने.

आईच्या प्रतीला समासही आहे, आणि त्या समासात दुसरी एक लेखिका आहे. आईने तिथे पेन्सिलीने लिहिलं आहे, फार थोडं. ‘तिखट निम्मे, मुले.’ ‘आणखी अर्धी वाटी पाणी.’ ‘बाबांना आवडले.’ एका कृतीवर नुसती फुली आहे, कारण दिलेलं नाही, आणि ती कृती आमच्या घरात पुन्हा झाली नाही. छापील कृती सगळ्यांसाठी असते. समासातली नोंद ती एका घरापुरती करून देते. ‘मुले’ या नोंदीतलं एक मूल मी आहे. आता थोरली ते वाचते तेव्हा तिला आजी तरुण आणि आई लहान अशी एकाच ओळीत भेटते.

मुगाच्या खिचडीच्या समासात मात्र तारीख आहे: 26 जुलै 2005, आणि पुढे, ‘11 माणसे.’ त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद पडल्या, रस्त्यांवर कमरेच्या वर पाणी चढलं, आणि ऑफिसांतून निघालेली हजारो माणसं रुळांतून, रस्त्यांतून चालत उपनगरांकडे आली. ज्याला जिथे दार उघडं दिसलं तिथे तो थांबला. आईबाबांच्या घरी त्या रात्री नऊ अनोळखी माणसं होती. वीज गेलेली, दूध नाही, भाजी नाही, डब्यात तांदूळ आणि मुगाची डाळ. आईने मेणबत्तीच्या उजेडात पुस्तक उघडलं होतं का, की तिला प्रमाण पाठच होतं, हे मी तिला विचारलं. तिने सांगितलं, पाठ होतं, पण एवढ्या माणसांचं कधी केलं नव्हतं म्हणून उघडून पाहिलं. चौघांच्या कृतीतून अकरा जणांची खिचडी काढायची तर ग्रॅमांची पंचाईत झाली असती. तिने वाटी घेतली. तांदूळ इतक्या वाट्या, डाळ त्याच्या निम्मी, पाणी त्या सगळ्याच्या हिशोबात. नोंदीत याहून काही नाही. माणसांची नावं नाहीत, पावसाचं वर्णन नाही. त्या दिवसावर मी बरेच लेख वाचले आहेत. या दोन शब्दांजवळ मी जास्त वेळ थांबते.

छापील कृतीत काय मावत नाही हेही रसिकाने पाहायला हवं. जूनचा पहिला पाऊस पडून गेला की मुलुंड, बोरिवली, ठाणे या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. दोन्ही बाजूंनी लोकवस्तीने वेढलेलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि या दिवसांत रानभाज्यांच्या टोपल्यांमुळे त्याची आठवण होते. शेवळं अळूच्याच कुळातली, आणि खाज त्याहून जास्त. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, आणि बरोबर काकडं घालायची; ही हिरवी, आंबट-तुरट बारकी फळं शेवळांची खाज मारतात. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळं कोलंबीबरोबर किंवा खिम्याबरोबर होतात. पण किती शेवळांना किती काकडं, हे वाटीत बसत नाही. काकडं कोवळी आहेत की जून, शेवळं आजची आहेत की कालची, यावर ते ठरतं. विकणाऱ्या मावशी जुडीबरोबर काकडं स्वतःच मोजून देतात, आणि कमी मागितली तर देत नाहीत.

थोरलीने गेल्या पावसाळ्यात त्यांना विचारून विचारून ही कृती वहीत उतरवून घेतली. मावशी तिच्याशी ‘असं सोलायचं बघ, हे फेकायचं’ असं बोलत होत्या. वहीत मात्र तिने लिहिलं, ‘पिवळा भाग टाकून द्यावा.’ कुणी सांगितलं नव्हतं. कृती लिहायची ती अशी, हे तिला वाचून वाचून आलेलं आहे. काकडांच्या जागी तिने आकडा घातला नाही. ‘मावशी देतील तेवढी काकडे’ असं लिहिलं. समीक्षक म्हणून मी या ओळीत काहीही बदल सुचवणार नाही.

एक मागणं मात्र प्रकाशकांपुढे ठेवते. ‘रुचिरा’चा टाइप मोठ्यांच्या डोळ्यांसाठी आहे आणि पुस्तक जाडजूड आहे, मुलांच्या मांडीवर ते ठरत नाही. निवडक पन्नास-साठ कृतींची, ठळक अक्षरांची, सपाट उघडी राहील अशा बांधणीची आणि रुंद कोऱ्या समासाची एक आवृत्ती मुलांनी मोठ्याने वाचण्यासाठी काढावी. भाषा सोपी करू नये, ‘घालावे’चं ‘घाला’ करू नये, चित्रं थोडी असावीत आणि तीही हातांची असावीत, म्हणजे सोलणारा हात, थापणारा हात. सुरुवात खमंग काकडीने करावी. ती कोचवायची कशी हे शिकायला वेळ लागतो, दाण्याचं कूट किती हे चाखून ठरवता येतं, आणि विस्तव लागतो तो फक्त शेवटच्या फोडणीपुरता. तेवढ्यासाठी मोठं माणूस शेजारी उभं असतंच.